सावरीची जाकिटं

आमच्या घरमालकांकडं मी खोली बघायला गेलो तेव्हा भाड्याचं बोलणं सगळ्यात शेवटी झालं. आधी त्यांनी मला जिना दाखवला, मग मागचं दार, मग गच्चीवर नेऊन शेजारच्या गच्चीपर्यंत पोचणारी एक लांब फळी दाखवली. "आग लागली तर जिन्यानं उतरायचं. जिना पेटला तर मागच्या दारानं. दोन्ही पेटलं तर ही फळी." मी आपलं सहज म्हटलं, "आणि फळीच पेटली तर?" ते थांबले, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही विचार करणारे दिसताव. खोली तुमची."

मी अकलूजकडचा, म्हणून त्यांनी माझं नाव अकलूजकर ठेवलं. खरं आडनाव त्यांनी पुढं कधी विचारलंही नाही. ज्या मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायला मी नवा लागलो होतो त्याच मिलमध्ये ते वीव्हिंग मास्तर, म्हणजे विणकाम खात्याचे मुख्य होते. मिलमध्ये सगळे त्यांना मास्तर म्हणत. गल्लीत मात्र लहानथोर त्यांना दर्याप्पा म्हणायचे, तेही त्यांच्या तोंडावर. एक दिवसाआड नळाला पाणी येणाऱ्या गावात एक माणूस भरतीओहोटीच्या वेळा पाठ करून बसलाय म्हटल्यावर लोक दुसरं काय म्हणणार?

माणूस अंगानं भरलेला, धोतर-कोट, कपाळाला भस्म. गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि तिच्या शेजारी पितळी शिट्टी. "एक वरच्यासाठी, एक खालच्यासाठी," असं सांगायचे. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आधी मांडवाच्या कोपऱ्यात वाळूच्या बादल्या आहेत का बघून यायचे, नसल्या तर वरबापाला बाजूला घ्यायचे. त्यापायी त्यांच्या नात्यात दोन-तीन घरांनी त्यांना बोलावणंच सोडून दिलं होतं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "बुडणाऱ्याला सल्ला नको, दोरी पाहिजे." मिलमध्ये कुणी पगारवाढ मागायला आलं तरी हेच वाक्य, आणि वर सल्ला.

ह्या वेडाचं मूळ जुनं होतं. तरुणपणी मिलनं त्यांना शिकायला मुंबईला पाठवलं. तिथं एका गोऱ्या साहेबाची शिडाची होडी होती. वारा जोरात असला की होडी कलते, तिला तोलायला वजन लागतं. साहेबानं मास्तरांची अंगलट बघितली आणि त्यांना वजन म्हणून नेलं. "ज्वारीचं पोतं न्यावं तसं नेलं बघा," ते सांगायचे. "कशाला हात लावायचा नाही. 'सरक' म्हटलं की ह्या अंगाचं त्या अंगाला सरकायचं. सबंध दिवस समुद्रात होतो, अकलूजकर, आणि बघितलं काय? साहेबाचे गुडघे!"

हे सांगताना सगळे हसत, तेही हसत. पण शेवटी आवाज उतरायचा. "एकदा तरी शिडाची दोरी माझ्या हातात पाहिजे. एकदाच. मग मेलो तरी चालेल."

"मेलो तरी चालंल म्हनं!" आतून अक्कांचा आवाज यायचा आणि पाठोपाठ एखादं पातेलं आपटायचं.

अक्का म्हणजे मास्तरांची बायको. माहेर भीमेकाठचं. त्यांचा पाठचा भाऊ भीमेच्या पुरात गेला होता, नावेतून पडून. दर सोमवारी सिद्धेश्वराला जायच्या, पण ते देऊळ पाण्यात. मग त्या पदर असा ओढून घ्यायच्या की तळं दिसूच नये, आणि पायाखालची फरशी बघत दर्शन करून परत. ह्या बाईच्या नशिबी दर्याप्पा! देवाची पण कमाल असते.

आणि मग त्या दुष्काळाच्या वर्षी मिलच्या ऑफिसात मुंबईहून ट्रंककॉल आला. मास्तरांचा शिकतानाचा एक पारशी दोस्त तिकडं डॉक्टर झाला होता, त्याची स्वतःची शिडाची यॉट होती. मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली जाऊन परत यायचं, अशी शर्यत होती. डॉक्टर म्हणाला, "मला माणसं कमी पडतात. दोघांना घेऊन ये. दोरी तुझ्या हातात देतो. फक्त सुरक्षेचं सगळं सामान तू बघ. गेल्या साली तपासणीत नापास झालो आणि किनाऱ्यावर बसून राहिलो."

फोन ठेवून मास्तर तसेच उभे राहिले. माग चालू होते, कानठळ्या बसत होत्या, आणि हा माणूस डोळे पुसत होता.

अक्का भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नवऱ्याशी बोलणंच टाकलं. जेवायला मी असलो की, "अकलूजकर, मालकांना सांगा, आमटी गार व्हायलीय." मालक समोरच बसलेले. मी म्हणायचो, "मास्तर, आमटी गार व्हायलीय." ते म्हणायचे, "तिला सांगा, वाढ म्हणून." काही महिने मी त्या घरात पोस्टमनची नोकरी केली, बिनपगारी. मास्तर वरून हसायचे, पण भाकरी निम्मी टाकून उठायला लागले होते.

सामान मात्र जोरात जमत होतं. शर्यतीचा नियम होता की होडीवर मजबूत बादल्या हव्यात, दोरीसकट. नवी पेठेत मास्तरांनी एका दुकानातली बादलीन् बादली काढायला लावली. पाणी भरून बघावं तर दुष्काळ, म्हणून दुकानदाराचीच वजनं आत भरून गरागरा फिरवली. दुकानदार म्हणाला, "काय करलालाव मास्तर? बादली हाय, लग्नाची पोरगी न्हवं!" नियमाप्रमाणं होडीच्या बुडाच्या प्रत्येक भोकासाठी लाकडी खुंटी हवी. मास्तरांनी मिलमधली सूत गुंडाळायची जुनी लाकडी बॉबिनं तासून खुंट्या केल्या, एकीला नाव ठेवायला जागा नव्हती. धुक्यात वाजवायला भोंगा हवा. तो आणला, आणि दुपारी गच्चीवर चढून वाजवून बघितला. खाली गल्लीतल्या सगळ्या बायका घागरी घेऊन धावत सुटल्या. त्यांना वाटलं पाण्याचा टँकर आला. नंतर त्यांनी मास्तरांना जे ऐकवलं ते मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत होतं, आणि तिन्ही मास्तरांना चांगल्या येत होत्या.

होडीवर जाणारे आम्ही तिघं. मास्तर, मी आणि नरसय्या. मला घेतलं कारण मी कालव्याच्या पाण्यात पोहून वाढलेला. नरसय्या आमच्या मिलमधला जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, पद्मशाली विणकर घरातला. गाठ मारण्यात त्याचा हात कुणी धरायचा नाही. समुद्र त्यानं बघितला नव्हता. "मास्तर म्हणालेत ना, मग असंल," एवढाच त्याचा समुद्रावरचा विश्वास.

नियमात असंही होतं की माणूस होडीतून पडला तर त्याला कसं वाचवायचं, ह्याचा सराव हवा. त्यासाठी आम्ही हिप्परग्याच्या तळ्यावर गेलो. तळं म्हणजे भेगाळलेली जमीन. मधोमध सरकारी खात्याची जुनी लाकडी होडी चिखल वाळून तशीच बसलेली, आणि भोवती दुष्काळी कामावरची शंभरभर माणसं गाळ काढत होती. आम्ही तिघं होडीत चढलो. मास्तरांनी शिट्टी वाजवली. "माणूस पडला!" नरसय्यानं उडी मारली. मी नियमाप्रमाणं त्याच्याकडं बोट रोखून उभा राहिलो, कारण पडलेल्या माणसावरची नजर हलवायची नसते. नरसय्या पाय धरून खाली बसला आणि कळवळायला लागला.

"उठू नका!" मास्तर ओरडले. "तुम्ही पाण्यात आहात! हातपाय हलवा!"

"मास्तर, पाय मुरगाळला ओ!"

"पाण्यात पाय मुरगाळत नाही!" आणि त्यांनी दोरी बांधलेलं गोल कडं असं नेम धरून टाकलं की ते थेट त्याच्या डोक्यात बसलं.

गाळ काढणारी माणसं पाट्या टाकून भोवती जमली होती. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई बाई! पान्यात बुडल्यालं लई बघिटलं, पर मातीत बुडत्याला वाचिवताना आजच बघतीया." मी अजून बोट रोखूनच उभा होतो. मला आजही कळत नाही, मी ते खाली का घेतलं नाही.

दवाखान्यात विचारलं, कसं लागलं? नरसय्या म्हणाला, "होडीतनं पडलो." कुठं? "हिप्परग्याच्या तळ्यात." तिथल्या डॉक्टरनं हातातली पट्टी खाली ठेवली आणि आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला.

राहता राहिली जाकिटं. पाण्यात पडलं तर माणसाला तरंगतं ठेवणारी. मुंबईच्या डॉक्टरची जुनी जाकिटं कुजली होती, परदेशी मिळत नव्हती, आणि देशी शिवून घेतली तरी चालतील, तपासणीत पाण्यात तरंगली म्हणजे झालं, असा नियम होता. मास्तर म्हणाले, "कापडाच्या गावात राहून जाकीट बाहेरून आणायचं? थू!" अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळखीच्या रंगाऱ्याकडून जाड कॅनव्हास भगभगीत नारिंगी रंगवून आणलं. आत भरायला पोतंभर सावरीचा कापूस आणला. सावरीचा कापूस पाणी धरत नाही, बूच तरंगावं तसा तरंगतो. आता शिवायचं कुणी, असं ते माझ्याशी बोलत होते तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मी शिवते की."

अक्का थेट नवऱ्याकडं बघून बोलल्या होत्या. मी माझी पोस्टमनकी विसरून आ वासून बसलो. अक्का टेप घेऊन पुढं झाल्या. "हात वर करा. श्वास भरून घ्या. भरा की नीट, समुद्रात काय अर्धाच श्वास घेणार हाव?" पोलिसानं पकडल्यासारखे मास्तर दोन्ही हात वर करून उभे, आणि चेहरा असा की मला तिथं बसायचीच लाज वाटली. मी उठून खोलीत गेलो.

मग आठवडाभर त्या घरात शिवणयंत्र चालू आणि दोघांचं बोलणंही चालू. मास्तर कामावरून आले की यंत्राशेजारी पाट टाकून बसायचे आणि कन्नडमध्ये गप्पा चालायच्या. मास्तर तपासणीचे नियम सांगायचे आणि अक्का कधी नव्हे ते ऐकून घ्यायच्या. मला एकटं गाठून एकदा विचारलं, "तिथं जाकीट खरंच पान्यात टाकून बघतात का ओ?" मी म्हटलं, हो. "आणि बुडलं तर?" होडी सोडत नाहीत, म्हटलं. परत दोन दिवसांनी तेच. "विसरायचे तर न्हाईत ना, टाकायचं?" बाईला किती काळजी, असं वाटून मला भरून आलं. त्याच आठवड्यात दारात पिंजारी बसला होता आणि अक्कांनी एक जुनी गादी पिंजून घेतली. मला दोन नव्या उश्या दिल्या. "मालकांकडं लक्ष ठेवा," म्हणाल्या. असल्या मऊ उश्या मी जन्मात बघितल्या नव्हत्या.

जाकिटं झाली. मी म्हटलं, निघायच्या आधी हौदात टाकून बघू. अक्का फणकारल्या, "प्यायला पानी न्हाई आणि जाकिटं बुडवून बघताव व्हय?" मला वाटलं, मास्तर आता नियम काढतील. कुलूप लावलं तर तीनदा ओढून बघणारा माणूस! पण त्यांनी जाकीट अंगात घातलं, बंद बांधले, छातीवर हात फिरवला आणि म्हणाले, "बरोबर आहे तिचं. पाणी नासायचं नाही."

मुंबईला बंदरावर तपासणी करायला आलेले गृहस्थ नौदलातून निवृत्त झालेले होते. पांढरी पँट, पांढऱ्या मिशा, हसायचं काम नाही. पण बादल्या बघून मान हलवली. बॉबिनाच्या खुंट्या हातात घेऊन परत परत बघितल्या. भोंगा वाजवला, दोऱ्यांच्या गाठी ओढल्या, नरसय्याच्या पाठीवर थाप मारली. डॉक्टर तर हवेतच होता. शेवटी जाकिटं. गृहस्थांनी शिवण बघितली, जाकिटावर दोऱ्यानं सुबक काढलेलं होडीचं नाव बघितलं आणि म्हणाले, "काम सुरेख आहे. सकाळपासून एवढं चांगलं सामान मी बघितलं नाही. हे बघायची गरज नाही. पास."

मी सुस्कारा सोडला. शिडं वर चढत होती. मास्तरांच्या समोर, हात लांबवला तर हातात येईल अशी, त्यांची दोरी लोंबत होती.

"टाकून बघा साहेब," मास्तर म्हणाले. "नियम आहे."

गृहस्थ चकित झाले, पण नियमाचा माणूस नियम कसा नाकारणार? तिन्ही जाकिटं धक्क्यावरून पाण्यात टाकली. नारिंगी, झळझळीत, काय दिसत होती! तरंगत राहिली. डॉक्टर टाळी वाजवायच्या बेतात होता. मग एक जरासं कललं. मग दुसरं. मग तिन्ही, म्हशी पाण्यात बसतात तशी सावकाश, कसलीही घाई न करता खाली गेली.

"अय्यो," नरसय्या म्हणाला.

डॉक्टर धावत जाऊन दुसऱ्या होडीवाल्याकडून जादाची जाकिटं मागून घेऊन आला. तपासणीवाले गृहस्थसुद्धा तोंड फिरवून उभे राहिले, म्हणजे घ्या बाबा, मी बघत नाही. मास्तरांनी जाकीट उलटून बघितलं आणि परत केलं. "ह्यावर दुसऱ्या होडीचं नाव आहे. आपल्या होडीचं पाहिजे. नियम आहे." डॉक्टरनं त्यांना पारशी शिव्या दिल्या, ज्या मला फार आवडल्या, आणि धक्क्यावरचे दुसरे गडी घेऊन तो निघून गेला. त्या गड्यांनी तीच जाकिटं घातली होती आणि कुणी काही म्हणालं नाही. आम्ही तिघं धक्क्यावर बसून शिडं दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. मला संताप आला होता. म्हटलं, असला कसला माणूस हा, नियमापायी स्वतःच्या जन्माचं मागणं सोडतो? रागानं मी परतीच्या गाडीत त्यांच्याशी बोललो नाही. मला वाटतं, त्यांना त्याची सवय झाली होती.

घरी पोचलो तर अक्का दारात उभ्या. नवऱ्याला एकदा डोळे भरून बघितलं. "नापास," मास्तर म्हणाले. "बरं," म्हणून त्या आत गेल्या आणि ताटं वाढली. ताटात हुग्गी होती. सणाची गव्हाची खीर, वर तुपाची धार. मी जेवता जेवता विचार केला, ही बाई आम्ही पास होऊन, शर्यत करून येणार असं धरून बसली असेल. बिचारी!

पुढं काही वर्षांनी मला तिकडं अकलूजला साखर कारखान्यात नोकरी लागली. निघायच्या दिवशी मी वळकटी बांधत होतो. अक्का दारात येऊन बसल्या. "त्या उश्या उसवू नका कधी," म्हणाल्या. "त्यात सावर हाय. जाकिटाची."

मी दोरी तशीच सोडून त्यांच्याकडं बघत राहिलो.

"जाकिटात गादीचा कापूस भरला मी. पिंजून." त्या पदराला पीळ घालत होत्या. "भाऊ गेला, तवा मी काठावर हुते. नुसती बघत हुते. परत न्हाई बघायचं, म्हटलं. नियम रोज कानावर यायचा, बुडलं तर सोडत न्हाईत. मग भरला. मालकांना सांगू नका, पाया पडते. त्यांचा जीव तुटंल."

म्हणून हुग्गी! मला हसू आलं. नाही सांगत, म्हटलं.

एसटी स्टँडवर मास्तर पोचवायला आले. टायर बघितले, ड्रायव्हरला ब्रेकबद्दल विचारून त्याचा अपमान केला, मग 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' लिहिलेल्या खिडकीचा दांडा वर-खाली करून बघितला आणि मला बरोबर त्या खिडकीशी बसवलं. खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले. माझ्या मांडीवर उश्यांची गाठोडी होती. त्यांनी हात घालून एक उशी दाबली, सोडली, परत दाबली.

"चांगली सावर आहे," म्हणाले.

चेहरा कोरा ठेवायचा म्हणजे काय कष्ट असतात ते त्या दिवशी कळलं.

"जन्म कापसात गेला माझा, अकलूजकर. सावर कुठली आणि गादीचा कापूस कुठला, हे मला झोपेतसुद्धा कळतं. जाकीट अंगात घातलं त्याच वेळी कळलं."

"अहो, मग?"

"मग काय? इतक्या दिवसांनी बोलली होती माझ्याशी. 'श्वास भरून घ्या' म्हणाली. आता तिला सांगू, तुझं शिवण चुकलं म्हणून?"

"आणि दोरी?"

ते डेपोच्या फाटकाकडं बघत राहिले. "दोरी राहिली," म्हणाले. मग घाईघाईनं, "तिला बोलू नका हां. मला माहीत होतं हे कळलं तर तिचा जीव तुटेल."

डोळ्यांत आलं ते आलंच. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांचा हात घट्ट धरला. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली. मास्तर दोन पावलं गाडीबरोबर चालले आणि एकदम हात सोडवून घेऊन ओरडले, "हात आत! अहो, हात आत घ्या आधी!"

मी हात आत घेतला. मागून बराच वेळ शिट्टी ऐकू येत होती.